हर्निया म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

आमच्या घरात रोज सकाळी संडासातला नळ वीस मिनिटं चालू असतो. बादली कधीच भरलेली असते, पाणी नुसतं वाहून जात असतं, आणि मी ओट्यापाशी चहाचं पातेलं घेऊन ते ऐकत उभी असते. सुरुवातीला मी ओरडायचे, विहिरीवरचा पंप काय फुकटात चालतो का म्हणून. आता ओरडत नाही. आत माझा नवरा बसून लघवी करत असतो. ती धारेने होत नाही, थेंब थेंब होते, आणि हे कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून हे नळ सोडून ठेवतात. घरात राहतो आम्ही दोघंच. म्हणजे ते 'कुणी' म्हणजे मीच.

हे प्राथमिक शाळेत मास्तर. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर आमची वाडी. मी अंगणवाडीत सेविका आहे, बावीस वर्षं मुलांची वजनं करते आणि त्यांच्या आयांशी भांडते. तोंड माझं तिखट आहे, हे मला माहीत आहे, सांगायला नको. ह्यांचं उलटं. गावात ह्यांना मान मोठा, कारण हे बौद्धाचार्य. वाडीतली लग्नं, नामकरणं, मेलेल्या माणसामागची पुण्यानुमोदनं ह्यांच्याच हातून व्हायची. विहारात पांढरा सदरा घालून हे पुढे बसायचे, वंदना सांगायचे, पाच शीलं एकेक करून म्हणायचे आणि मागून सगळी वाडी म्हणायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमचं सगळं पुढे तिथेच येऊन अडलं.

ह्यांना साखर आहे, चाळिशीपासून. साखर काय काय खाते ते दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं, डोळे, किडनी, पाय. एक गोष्ट त्यात बारीक अक्षरात असते. नवरा-बायकोत जे असतं ते आमच्यात हळूहळू बंद पडलं. मी म्हटलं, जाऊ दे. मुलीचं लग्न झालं, ती मुंबईला तिच्या घरी सुखाने आहे, आता आपल्याला कशाला हवंय ते. मला वाटलं, मी ह्यांना धीर देते आहे. ह्यांनी ते काय म्हणून ऐकलं देव जाणे. देव मानत नाही आम्ही, पण तोंडात बसलंय. त्यानंतर हे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. जेवताना माझ्याकडे बघायचे नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी एक शब्द नाही, ज्या माणसाने आयुष्यभर माझ्या मिठावर भाषणं दिली त्याच्याकडून.

मग एकदा मे महिन्यात मुंबईला मुलीकडे गेलो असताना हे एकटेच कुठल्याशा डॉक्टरांना भेटून आले आणि मला गच्चीवर नेऊन सांगितलं, की एक ऑपरेशन असतं. आत दोन वाकणाऱ्या कांड्या बसवतात. बाहेरून कुणाला कळत नाही.

मी म्हटलं, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? साखरेच्या माणसाने चाकू लावून घ्यायचा, ते असल्यासाठी?"

हे म्हणाले, "मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं गो."

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे मीही गेले. पावसाळ्याआधी ऑपरेशन झालं. साखर आटोक्यात आणून, सगळ्या तपासण्या करून, व्यवस्थित झालं. डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने एक कार्ड दिलं, आत काय बसवलंय ते लिहिलेलं, आणि मला बजावलं, "हे पाकिटात ठेवायचं. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी हे दाखवायचं. विशेषतः लघवीची नळी घालायची वेळ आली तर." मी मान हलवली. घरी आल्यावर पाकिटातून कार्ड काढलं आणि माझ्या लग्नातल्या पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवून दिलं. पाकीट शाळेत टेबलावर पडलेलं असतं, कुणीही उघडेल. साडी कोण उघडणार?

आता गावाला काय सांगायचं हा प्रश्न होता. पंधरा दिवस मास्तर मुंबईला, पोटाच्या खाली टाके, चालताना पाय फाकवून चालतात. विहाराच्या गावशाखेची मंडळी सफरचंदं घेऊन भेटायला येणार हे नक्की होतं. हे मला म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. तू सांग."

"वा मास्तर," मी म्हटलं, "म्हणजे शील तुमचं आणि पाप माझं."

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले, म्हणून मीही हसले आणि खोटं बोलायचं काम अंगावर घेतलं. मंडळी आली. मी चहा दिला आणि सांगितलं, हर्निया झाला होता. आमच्याकडे जांभ्या दगडाचे चिरे उचलून उचलून अर्ध्या वाडीला हर्निया आहे, त्यामुळे कुणी पुढे विचारलंच नाही. उलट एक जण म्हणाला, विहाराच्या कुंपणाचे चिरे मास्तरांनी स्वतः उचलले, त्यानेच झालं असणार. पुढच्या सभेत तसं जाहीरसुद्धा केलं. हे मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, विनय.

एक वर्ष चांगलं गेलं. ते खरंच चांगलं गेलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. हे परत माझ्या मिठावर बोलायला लागले. शाळेतून येताना काजूच्या बोंडांची पिशवी आणायचे, मला आवडतात म्हणून. कांड्यांचं म्हणाल तर त्या निम्म्याच कारण असतील. बाकीचं कारण हे, की हे माझ्याकडे बघून बोलायला लागले होते.

पुढच्या वर्षी मी माझ्या बहिणीकडे दापोलीला गेले होते, तिच्या मुलीचा साखरपुडा होता. सकाळी शेजारणीचा फोन आला. मास्तरांची लघवी अडली आहे, रात्रभर तळमळले, आता तिच्या नवऱ्याने रिक्षात घालून रत्नागिरीला नेलंय. नेसत्या साडीनिशी निघाले. दापोलीला रेल्वे नाही, एसटीच धरायची. प्रत्येक थांब्यावर मला वाटायचं, खाली उतरून ढकलावी ही गाडी. दवाखान्यात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हे खाटेवर डोळे मिटून पडले होते, नळी घातलेली होती, पिशवीत लघवी जमत होती. तोंडावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. मला इतकं हायसं वाटलं, की मी खाटेच्या कडेला खालीच बसले.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर आला आणि त्याच्याबरोबर सिस्टर. सिस्टर आमच्याच वाडीतली. मी तिला अंगणवाडीत भात भरवलाय. मला बघून तिचा चेहरा फुलला, "काकी, आलात? घाबरू नका हां, मी आहे." डॉक्टरने फाइल उघडली आणि मला विचारलं, "ह्यांचं आधी काही ऑपरेशन झालंय?"

तो क्षण मी हजार वेळा परत जगले आहे. सिस्टर माझ्याकडे प्रेमाने बघत होती. तिची आई आमच्या समोर राहते. तिला कळलं म्हणजे संध्याकाळच्या आत विहारात कळलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे झोपलेले दिसत होते. आणि मी म्हटलं, "हर्नियाचं."

"हां, तेच," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या खाटेकडे गेला.

नळी घालणाऱ्याच्या हाताला काही लागलं नसेल का? लागलं असेल. पण हर्निया, सूज, साखर, असं काहीतरी समजून सोडून दिलं असेल. मी त्याला दोष देत नाही. आम्ही सांगितलं ते त्याने मानलं. चार दिवसांनी नळी काढून बघितली, लघवी होईना. परत घातली. साखर वाढलेली, प्रोस्टेट सुजलेली, तीन आठवडे नळी राहू दे म्हणाले, पिशवी घेऊन घरी जा. घरी आलो. मला कार्डाची आठवण झाली नाही असं नाही. रोज व्हायची. कपाटाशी जायचे आणि परत यायचे. आता लघवी तर होतेय, मग कशाला? मुंबईच्या डॉक्टरला फोन करू म्हटलं तर हे म्हणायचे, "बरं वाटतंय गो, नको उगीच." साखरेने तिथली जाणीवही कमी झालेली. दुखलं असतं तर ओरडले असते.

तिसऱ्या आठवड्यात पिशवी बदलताना मला पू दिसला. आणि नळीच्या शेजारी, मूत्रमार्गाच्या तोंडाशी, काहीतरी पांढरट, कडक. मी बोट लावून बघितलं. कांडी होती. आतून मूत्रमार्ग फाडून बाहेर आली होती.

मी कपाट उघडलं, साडीची घडी उलगडली, कार्ड काढलं आणि मुंबईची गाडी धरली. डॉक्टरने तपासलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आत कांड्या असताना इतके दिवस नळी ठेवायची नसते. दोन्ही बाजूंनी दाब येतो, मधला मूत्रमार्ग झिजतो. सांगितलं असतं तर त्यांनी पोटातून नळी घातली असती. कुणी सांगितलं नाही का तिथे?"

मी म्हटलं, "मीच नाही सांगितलं."

हे बाजूच्या खुर्चीवर होते. खाली बघत राहिले.

दोन्ही कांड्या काढल्या. जखम भरली पण आवळून भरली. मूत्रमार्ग एका ठिकाणी इतका अरुंद झाला, की बारीक नळी सरकवून तो उघडा ठेवावा लागतो. खालच्या बाजूला एक छिद्र राहिलं, तिथून गळतं. दर दोन दिवसांनी मी हात धुऊन, हातमोजे चढवून, जेली लावून ती बारीक नळी घालते. स्वतः करा म्हणून ह्यांना शिकवलं होतं, पण हे नळी हातात घेऊन नुसते बसून राहायचे. त्या वेळी हे छताकडे बघतात आणि मी नळीकडे. ज्या गोष्टीसाठी एवढं केलं, ती तर कायमची गेलीच. बोलणंही गेलं. मीठ परत बिनबोलाचं झालं.

विहारात पुढे बसणं ह्यांनी सोडलं. "बसवत नाही," असं मंडळींना सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण घरात संध्याकाळी आम्ही दोघं वंदना करतो, ते चालू राहिलं. हे म्हणतात, मी मागून म्हणते. मुंबईहून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, तिसऱ्या शीलानंतर ह्यांनी एकदम पाचवं घेतलं. वाटलं, चुकले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग कळलं, हे चौथं मुद्दाम गाळतात.

मला वाटलं, माझ्यासाठी गाळतात. खोटं मी बोलले होते. माझ्या तोंडून ते म्हणवून घेणं ह्यांना क्रूर वाटत असेल. मी रोज त्या जागी मनात म्हणायचे, अहो, म्हणा. म्हणा आणि मग एकदा तोंडाने सांगा, की तुझी चूक नाही. एवढंच हवं होतं मला. 'तुझी चूक नाही' हे तीन शब्द. दोन वर्षं मी त्यांची वाट बघितली. नळी घालताना बघितली, पानात भात वाढताना बघितली. एकदा तर रडत विचारलंसुद्धा, "तुम्हाला माझा राग येतो का हो?" हे म्हणाले, "नाही गो." बस, तेवढंच. राग नाही म्हणजे माफ केलं. आणि माफ केलं म्हणजे चूक होतीच. मी धड जेवायचे नाही. अंगणवाडीत मुलांची वजनं करताना एकदा स्वतःच काट्यावर उभी राहिले, नऊ किलो गेले होते. बायका म्हणायच्या, सेविकाबाई कसली भाजी खाता ती आम्हालाही सांगा.

आता मुंबईच्या डॉक्टरने नवीन ऑपरेशन सुचवलं आहे. गालाच्या आतली मऊ त्वचा काढून मूत्रमार्गाला लावतात. त्यासाठी त्याला सगळे जुने कागद हवे होते, रत्नागिरीचेसुद्धा. मी गेल्या महिन्यात त्या दवाखान्यात जाऊन अर्ज दिला, दोन खेपा घातल्या आणि प्रती मिळवल्या. एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता म्हणून बाकावर बसून चाळायला लागले.

वरचाच कागद भरतीचा. मराठीत छापलेला फॉर्म. मास्तरांना आपला फॉर्म दुसऱ्याने भरलेला कधी चालला नाही, बँकेत असो की रेशनवर. इथेही नळी घातल्यावर जरा बरं वाटलं, तसा ह्यांनी पेन मागून घेतला असणार. तेच अक्षर, फळ्यावरच्यासारखं, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. पूर्वी झालेली शस्त्रक्रिया : हर्निया. माहिती देणाऱ्याचे नाते : स्वतः. खाली सही. वेळ सकाळी साडेदहा.

साडेदहाला मी अर्ध्या वाटेवर तरी होते की नव्हते, कुणास ठाऊक. गाडीतच होते एवढं नक्की. तो तरुण डॉक्टर मला विचारत नव्हता, ताडून बघत होता. 'हां, तेच' म्हणाला होता. हे शब्द मला रोज आठवायचे आणि एकदाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

आमची गाडी लागली, भरली आणि गेली. मी दुसरीने आले. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. बत्तीस वर्षांत कधी दिल्या नाहीत अशा शिव्या मी मनात दिल्या. खोटं बोलणार नाही म्हणून मला पुढे केलंत ना, मास्तर? मग वेळ आली तेव्हा पेन मागून, झोकदार अक्षरात, स्वतः? आणि वर दोन वर्षं मला जळताना बघत बसलात?

घरी आले. हे संडासात होते. नळ चालू होता. मी कागद हातात घेऊन दाराबाहेर उभी राहिले, बाहेर आले की तोंडावर फेकायचा म्हणून. पाणी वाहत होतं, वाहत होतं. माझा राग त्या पाण्यात कुठे गेला मला कळलं नाही. मी कागद घडी करून कमरेला खोचला आणि भात लावला.

संध्याकाळी हात-पाय धुऊन बसलो. हे मेणबत्ती लावून सुरू झाले. पहिलं, दुसरं, तिसरं. पाचव्यासाठी ह्यांनी श्वास घेतला.

"आज चौथं घ्या," मी म्हटलं, आणि कागद पुढे ठेवला.

ह्यांना चष्मा लावायची गरज पडली नाही. आपलं अक्षर माणूस लांबून ओळखतो. मग म्हणाले, "सिस्टर समोर उभी होती."

"माझ्याही समोर तीच होती."

"माहीत आहे. मी जागा होतो."

मला वाटलं होतं त्याहून हे वाईट होतं. मी म्हटलं, "एकदा सांगायचं होतंत. 'आधी मीच लिहून दिलं होतं, तुझी चूक नाही.' तीन शब्द होते हो. मी दोन वर्षं अन्न गोड लागू दिलं नाही स्वतःला."

हे मेणबत्तीकडे बघत बोलले. माझ्याकडे बघून त्यांना ते बोलता आलं नसतं. "तू रोज माझं करत होतीस. नळी, पिशवी, कपडे. तोंडातून एक शब्द न काढता. आपल्या हातून झालं म्हणून करते, असं मला वाटायचं. तुझी चूक नाही हे तुला कळलं असतं, तर कशाला राहिली असतीस? तुला धरून ठेवायला माझ्याकडे दुसरं काय उरलं होतं?"

मला रडू आलं नाही. बत्तीस वर्षं मी ह्या माणसाच्या घरात राहिले. ह्याचे सदरे धुतले, ह्याच्या साखरेसाठी माझ्याही चहातली साखर सोडली, ह्याच्या मानासाठी अख्ख्या गावाशी खोटं बोलले. आणि ह्याला वाटत होतं, मी इथे चूक फेडायला थांबले आहे. पहिल्यांदा तो कांड्या बसवून आला, मी जाऊ नये म्हणून. त्या गेल्यावर त्याने माझी चूक बसवली, त्याच कारणासाठी. कुठे जाणार होते मी?

"मास्तर," मी म्हटलं, "मी माझ्या घरात राहत होते."

ह्यांच्या खांद्यांना हिसका बसला. हे रडताना आवाज करत नाहीत. मी उठून जवळ जायला हवं होतं. बायको जाते. माझे पाय हलले नाहीत, खोटं कशाला सांगू. मेणबत्ती संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. वंदना अर्धीच राहिली. भात करपला होता, तो दोघांनीही थोडा थोडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आत गेले. मी नेहमीसारखी ओट्यापाशी पातेलं घेऊन उभी होते. नळाचा आवाज येईना. मला वाटलं, टाकीत पाणी नाही, पंप लावायला हवा. ओट्यावरचा नळ सोडून बघितला तर पाणी भरपूर होतं. मी तो घट्ट बंद केला.

मग ऐकू आलं. एक थेंब, मग जरा थांबून दोन, मग खूप वेळ काहीच नाही, मग परत एक. दाराच्या आतून एवढं बारीक ऐकू येत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी चहाखालचा गॅस बारीक केला, हात पुसले आणि शेवटपर्यंत उभी राहून ऐकलं.